मुक्तीचे हप्ते

रशियाच्या राजांत थोर सुधारक कोण, असे विचारले तर शंभरांतले नव्वद लोक पीटरचे नाव घेतील. त्याने उमरावांच्या दाढ्या कापल्या, दलदलीत राजधानी वसवली, हॉलंडात जाऊन स्वतः हातात करवत घेऊन जहाजे बांधायला शिकला. अशा माणसाची गोष्ट वर्गात सांगायला सोपी. मुले हसतात, डोळे विस्फारतात आणि तास कधी संपला ते कळत नाही. मला मात्र रशिया म्हटले की पीटर आठवत नाही. आठवतो तो त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी गादीवर आलेला दुसरा अलेक्झांडर. सव्वादोन कोटी माणसांना त्याने १८६१ साली गुलामीतून सोडवले आणि बरोबर वीस वर्षांनी त्याच्याच राजधानीत, भर दुपारी, त्याच्याच प्रजाजनांनी त्याला बॉम्ब टाकून मारले.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. रशिया मला भेटला तो कादंबऱ्यांतून. तालुक्याच्या वाचनालयात तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय आणि चेकॉव्ह यांच्या मराठी भाषांतरांची जीर्ण पुस्तके होती. ती मी कपाट रिकामे होईपर्यंत वाचली. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात येऊ लागली. या सगळ्या पुस्तकांच्या मधोमध कुठेतरी एक साल उभे आहे, आणि त्यांतली म्हातारी माणसे ‘त्याच्या आधी’ आणि ‘त्याच्या नंतर’ अशा भाषेत बोलतात. चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकात फिर्स नावाचा एक थकलेला घरगडी आहे. भूदासांच्या मुक्तीला तो ‘अरिष्ट’ म्हणतो! ज्याची बेडी तुटली त्यानेच तिला अरिष्ट म्हणावे, हे मला काही केल्या पटेना. तेव्हापासून या झाराच्या मागे मी लागलो तो लागलोच.

आता मी पडलो मास्तर. त्यामुळे कुठल्याही मोठ्या माणसाचे चरित्र हाती आले की आधी त्याचा मास्तर कोण होता ते शोधतो. अलेक्झांडरचा मास्तर शोधला आणि मी चकितच झालो. वासिली झुकोव्स्की हे त्याचे नाव. मोठा कवी. पण त्याची जन्मकथा ऐका. तुर्कस्तानाशी झालेल्या युद्धात साल्हा नावाची एक तुर्की स्त्री कैद होऊन रशियात आली आणि एका जमीनदाराच्या घरी राहिली. तिच्या पोटी १७८३ साली हा मुलगा झाला. बापाचे नाव त्याला मिळाले नाही. त्या घरी आश्रयाला असलेल्या एका गरीब गृहस्थाने आपले नाव दिले. अशा बंदिवान बाईच्या मुलाच्या हाती रशियाच्या युवराजाची पाटी दिली गेली!

झुकोव्स्कीने आपले काम मनावर घेतले. बारा वर्षांच्या अभ्यासाचा आराखडा आखला. अलेक्झांडरचा बाप पहिला निकोलस हा कवायतीचा वेडा. त्याने आठ वर्षांच्या पोराला गणवेष चढवून घोड्यावर बसवले आणि लष्करी संचलनात मिरवले. झुकोव्स्कीला हे मुळीच आवडले नाही. त्याने राणीला पत्र लिहून बजावले की, या नादाने मुलाचे मन आखडून जाईल. प्रजा म्हणजे एक पलटण आणि देश म्हणजे बराक, असे त्याला वाटू लागेल. राजवाड्याचे मीठ खाऊन राजवाड्यालाच असे सुनावणारा मास्तर विरळा. आम्हांला साध्या गावच्या पुढाऱ्याच्या मुलाला बाकावर उभे करतानाही दोनदा विचार करावा लागतो.

१८३७ साली युवराज एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला देश दाखवायला काढले. सात महिन्यांचा प्रवास. सायबेरियात पाऊल ठेवणारा त्या घराण्यातला हा पहिलाच युवराज. झुकोव्स्की बरोबर होता. ही यात्रा म्हणजे पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका वाचण्यासारखी आहे, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. मजकूर पुढे सावकाश वाचायचा होता. सायबेरियात बापाने हद्दपार केलेले बंडखोर अजून दिवस कंठत होते. युवराजाने त्यांना पाहिले आणि त्यांची शिक्षा हलकी व्हावी म्हणून बापाला पत्र लिहिले. व्यात्का या गावी एक प्रदर्शन मांडले होते. ते समजावून सांगायला हर्झेन नावाचा पंचवीस वर्षांचा एक हद्दपार तरुण पुढे आला. इतका शिकलेला माणूस या आडगावी कसा, म्हणून झुकोव्स्कीने चौकशी केली, शब्द टाकला, आणि हर्झेनची रवानगी मॉस्कोच्या जवळ झाली. हाच हर्झेन पुढे लंडनला गेला आणि १८५७ पासून त्याने ‘घंटा’ या नावाचे रशियन वर्तमानपत्र काढले. ते चोरून रशियात येई आणि थेट राजवाड्यात वाचले जाई.

याच झुकोव्स्कीची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पीटर्सबर्गला एंगेलहार्ट नावाच्या जमीनदाराचा एक भूदास पोरगा होता. तारास शेव्हचेन्को. जन्माने युक्रेनचा. मालकाचा हुक्का भरायचा, हाक मारली की धावायचे, आणि उन्हाळ्यातल्या उजेडी रात्री शहरातल्या ‘ग्रीष्म उद्यानात’ जाऊन तिथल्या पुतळ्यांची चित्रे काढत बसायचे. चित्रकारांच्या नजरेला त्याचा हात पडला. पण भूदासाला कलाशाळेत प्रवेश नाही! मालकाने सुटकेची किंमत सांगितली अडीच हजार रुबल. मग ब्र्युलोव्ह या नामांकित चित्रकाराने झुकोव्स्कीचे चित्र काढले, त्या चित्राची सोडत ठेवली, राजघराण्यातल्या मंडळींनीही तिकिटे घेतली, आणि जमलेल्या पैशांतून १८३८ साली शेव्हचेन्को विकत घेऊन मोकळा केला गेला. युवराज तेव्हा वीस वर्षांचा होता. आपल्या मास्तरांच्या चेहऱ्याच्या मोबदल्यात एक माणूस सुटतो, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडले. त्याच्या मनावर याचा काय संस्कार झाला हे कुणी लिहून ठेवलेले नाही. पण मास्तरकीचा धंदा केलेल्या माणसाला याहून मोठा धडा सुचणार नाही.

मार्च १८५५ मध्ये निकोलस मेला. क्रिमियाचे युद्ध चालू होते आणि रशिया हरत होता. अलेक्झांडर छत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला. सप्टेंबरात सेबास्टोपोल पडले, पुढच्या मार्चमध्ये पॅरिसला तह झाला. ज्या बापाने सारा देश बराकीसारखा चालवला, त्याचीच बराक इंग्रज-फ्रेंचांपुढे कोसळली. तहाला दोन आठवडेही झाले नसतील तोच अलेक्झांडरने मॉस्कोच्या उमरावांपुढे ते प्रसिद्ध भाषण केले. त्याचा मथितार्थ असा की, भूदासपद्धती वरून मोडलेली बरी. नाहीतर ती खालून आपोआप मोडायला लागेल त्या दिवसाची वाट पाहावी लागेल. या वाक्यात दया किती आणि भीती किती, याचा वाद विद्वान लोक अजून घालतात. माझ्या मते दोन्ही होत्या. एवढे मोठे काम नुसत्या दयेने होत नाही आणि नुसत्या भीतीनेही होत नाही.

त्या काळचा भूदास म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मालक त्याला विकू शके, जमिनीसकट किंवा जमिनीवाचून. लग्न मालकाच्या मर्जीने. नको असलेला गडी पलटणीत धाडता येई; पूर्वी ती नोकरी पंचवीस वर्षांची असे. एवढेच नव्हे, तर १८५९ च्या सुमारास निम्म्याहून अधिक भूदास त्यांच्या मालकांनी सरकारी पेढ्यांकडे गहाण टाकलेले होते. आपल्याकडे सावकाराकडे बैल गहाण पडतो, तशी तिथे माणसांची गावेच्या गावे गहाण पडलेली.

उमराव कुरकुरत होते, समित्यांवर समित्या बसत होत्या. झाराची चुलती येलेना पाव्हलोव्हना, भाऊ कॉन्स्टंटिन, आणि निकोलाय मिल्यूतिन नावाचा एक हुशार अधिकारी, या मंडळींनी ते गाडे रेटत नेले. शेवटी ३ मार्च १८६१ या दिवशी झाराने जाहीरनाम्यावर सही केली. (त्या काळचे रशियन पंचांग आपल्या तारखांच्या बारा दिवस मागे चाले, मी सगळीकडे आपल्याच तारखा देत आहे.) सही झाली खरी, पण ती दोन आठवडे गुप्त ठेवली. सणाचे दिवस होते, लोक दारू प्यालेले असत. त्यांच्या कानांवर ही बातमी पडली तर दंगा होईल अशी धास्ती. १७ मार्चला, उपवासाचे पर्व उंबरठ्यावर आले असताना, देवळांतून जाहीरनामा वाचला गेला. शेव्हचेन्को १० मार्चलाच वारला होता. त्याचे भाऊबंद ज्या गुलामीत जन्मले तिच्या अंताची दवंडी ऐकायला तो आठवडाभर कमी पडला.

आणि आता त्या फिर्सच्या ‘अरिष्टा’कडे येतो.

जाहीरनाम्याने माणूस मोकळा झाला, यात शंका नाही. तो आपल्या मर्जीने लग्न करू लागला, मालमत्ता घेऊ लागला, कोर्टात उभा राहू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. पण जमीन? ती मालकाचीच मानली गेली. शेतकऱ्याला तिचा तुकडा मिळायचा तो विकत. सरकारने मालकाला किमतीचा बहुतेक भाग रोख्यांच्या रूपाने चुकता करायचा, आणि शेतकऱ्याने तो सरकारला एकोणपन्नास वर्षे, दरसाल शेकडा सहा या दराने फेडायचा. पैसे भरण्याची जबाबदारी एकेकट्यावर नव्हती, साऱ्या गावकीवर होती. एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. म्हणून गावकी कुणाला सहजासहजी गाव सोडू देईना. मालकाची बेडी गेली आणि शेजाऱ्यांची आली. आधी कसत असलेल्या जमिनीचे चांगले लचके पुष्कळ ठिकाणी मालकाने तोडून ठेवून घेतले. घरकामाच्या गड्यांना तर जमीन मुळीच मिळाली नाही. फिर्स हा त्यांतलाच.

सातवीच्या वर्गाला मी एकदा मोकळ्या तासाला हा हिशेब फळ्यावर घातला. शंभर रुबलांचे कर्ज. दरसाल सहा रुबल. एकोणपन्नास वर्षे. एकूण किती? पोरांनी बोटे मोडली, पाट्या खरडल्या. उत्तर आले दोनशे चौऱ्याण्णव. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे. तिचे वडील ऊसतोडीला जातात आणि मुकादमाची उचल फेडण्यात त्यांचे अर्धे वर्ष जाते. ती उठून म्हणाली, “गुरुजी, पण पैसे कुणी कुणाला द्यायचे? पिढ्यान् पिढ्या फुकट राबलं कोण?”

मी खडू खाली ठेवला. मोठमोठ्या ग्रंथांत दहा-दहा पानांत जे सांगितलेले असते ते तिने दोन वाक्यांत विचारले होते. उत्तरेकडच्या निकस मुलखात जमिनीची किंमत बाजारभावाहून फार चढी लावली गेली. कारण तिथे मालकाचे खरे उत्पन्न जमिनीतून येत नसे; भूदासाने बाहेर मोलमजुरी करून आणून दिलेल्या खंडातून येई. तो खंडच शेकडा सहाने भांडवलात बदलला आणि त्याला जमिनीची किंमत म्हटले. माणसाची किंमत घ्यायची नाही असे कायदा सांगत होता. ती मातीच्या नावाखाली वसूल झाली.

हे वाचताना मला आमच्या आजोबांची पत्र्याची पेटी आठवते. आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने ते कसत्या जमिनीचे मालक ठरले आणि ठरलेली किंमत त्यांनी सालोसाल हप्त्यांनी भरली. त्या पावत्या मेणकापडात गुंडाळून त्यांनी मरेपर्यंत जपल्या. सातबारावर नाव चढून कितीतरी वर्षे झाली होती, तरी म्हणायचे, “पावती हरवली तर जमीन हरवली.” आमचा कायदा निवडून दिलेल्या विधिमंडळाने केलेला होता, किंमत सरकारी आकाराच्या पटीत बांधलेली होती, आणि हप्ते आजोबांच्या हयातीत फिटले. तरीही ती धाकधूक त्यांच्या मनातून गेली नाही. मग ज्याचे हप्ते त्याच्या नातवाच्या मानेवर बसायचे होते, त्या रशियन शेतकऱ्याची काय गत झाली असेल!

त्याची गत काय झाली ते बेझ्द्ना या गावी दिसले. कझान प्रांतातले हे खेडे. बेझ्द्ना या शब्दाचा अर्थ ‘अथांग दरी’. मॉस्कोच्या धर्माचार्यांनी लिहिलेला जाहीरनामा जड, पोथीतल्या भाषेत होता. त्याच्याबरोबरचा कायदा शेकडो पानांचा. शेतकऱ्यांना तो कळेना. गावात आंतोन पेत्रोव्ह नावाचा जेमतेम वाचता येणारा एक शेतकरी होता. लोकांनी पुस्तक त्याच्यापुढे ठेवले. त्यात नमुन्याचे तक्ते होते, तक्त्यांत शून्ये आणि शेकड्याचे चिन्ह होते. त्या चिन्हांत आंतोनला झाराची गुप्त खूण दिसली! झाराने खरी, संपूर्ण मुक्ती दिली आहे आणि मालक ती दडवून ठेवत आहेत, असे त्याने सांगितले. हजारो शेतकरी त्याच्या झोपडीभोवती गोळा झाले. एप्रिल १८६१ मध्ये पलटण आली. जमावाने आंतोनला स्वाधीन करायचे नाकारले, तेव्हा गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी मोजणीतही मेलेल्यांचा आकडा पन्नासावर गेला. आंतोन बाहेर आला तो कायद्याचे ते पुस्तक डोक्यावर धरून. त्याला गोळी घालून मारले.

तीस-तीस पोरांना अक्षरओळख करून देणाऱ्या मला हे दृश्य फार छळते. त्या माणसाला वाचता येत होते ते इतकेच. पण त्या इतक्याशा वाचनातून त्याने जो अर्थ काढला तो फार चुकीचा होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायद्यात काय आहे हे त्याने वाचले नाही. कायद्यात काय असायला हवे होते ते वाचले. आणि शेवटपर्यंत त्याचा भरवसा झारावरच होता.

इथून पुढची अलेक्झांडरची कारकीर्द मी जितकी वाचतो तितके एक सूत्र मला स्पष्ट दिसू लागते. त्याने पुष्कळ दिले, आणि दिलेले लोकांनी हाती घेऊन वापरायला सुरुवात केली की तो घाबरला. १८६४ साली त्याने स्थानिक मंडळे दिली. शाळा, दवाखाने, रस्ते ती पाहू लागली. पण साऱ्या देशाचे एक मंडळ असावे असे कुणी म्हटले की त्याच्या कपाळावर आठी. त्याच साली उघडी न्यायालये दिली, वकील दिले, पंच बसवले. १८७८ साली व्हेरा झासुलिच या तरुणीने राजधानीच्या सुभेदारावर गोळी झाडली, कारण टोपी काढली नाही म्हणून त्याने एका कैद्याला फटके मारवले होते. पंचांनी तिला निर्दोष सोडले! त्यानंतर राजकीय खटले पंचांपुढून काढून लष्करी न्यायालयांकडे जाऊ लागले. १८७४ च्या लष्करी कायद्यात तर मला मास्तर म्हणून विलक्षण आनंद देणारे एक कलम आहे. पलटणीतली नोकरी सहा वर्षांची; पण प्राथमिक शाळा झालेल्याला चारच वर्षे आणि विद्यापीठातून बाहेर पडलेल्याला अवघे सहा महिने. शिक्षणाची याहून चांगली जाहिरात कुठल्या सरकारने केली असेल? पण त्याच राज्यात गावच्या न्यायपंचायतीला शेतकऱ्याच्या पाठीवर छड्या मारण्याची मुभा राहिली ती १९०४ पर्यंत.

पोलंडने १८६३ साली उठाव केला, तो त्याने निर्दयपणे चिरडला. आणि १८७६ साली एम्स या जर्मन गावी, विश्रांतीला गेला असताना, त्याने ज्या हुकमावर सही केली त्याने युक्रेनी भाषेतली पुस्तके छापण्यास जवळजवळ बंदीच झाली. शेव्हचेन्कोच्या भाषेवर! झुकोव्स्कीचे चित्र सोडतीत घालून ज्या माणसाला मोकळे केले होते, त्याची कविता ज्या भाषेत होती तिच्यावरच झुकोव्स्कीच्या विद्यार्थ्याने कुलूप घातले. मास्तर तोपर्यंत हयात नव्हता, हे एका परीने बरेच झाले.

झाराच्या जिवावर पहिला हल्ला झाला तो १८६६ च्या एप्रिलात, ग्रीष्म उद्यानाच्या फाटकाशी. भूदास शेव्हचेन्को जिथे चित्रे काढत असे तेच उद्यान. पिस्तूल झाडणारा काराकोझोव्ह हा एका लहान उमरावाचा मुलगा. त्याचा हात ज्याने उडवला असे सांगतात तो कोमिसारोव्ह हा टोप्या शिवणाऱ्याकडचा उमेदवार, शेतकऱ्याचा पोर. झाराने त्याला उमराव केले. खालचा माणूस आपल्याला वाचवतो आणि वरचा मारू पाहतो, असे झाराला तेव्हा वाटले असेल.

पंधरा वर्षांनी हिशेब उलटला. आंद्रेय झेल्याबोव्ह हा भूदासाचा मुलगा. १८५१ चा जन्म. आजोबांनी त्याला अक्षरे शिकवली. मुक्तीचा जाहीरनामा निघाला तेव्हा तो दहाव्या वर्षात होता. केर्चच्या शाळेतून पदक मिळवून बाहेर पडला, ओडेसाच्या विद्यापीठात गेला, आणि विद्यार्थ्यांच्या दंग्यात भाग घेतला म्हणून तिथून काढला गेला. जुन्या राजवटीत तो विद्यापीठाच्या पायऱ्यांवर पोचलाही नसता. अलेक्झांडरने त्याला माणूस केले म्हटले तर अतिशयोक्ती नाही. आणि याच झेल्याबोव्हने ‘लोकेच्छा’ या गुप्त मंडळाचा नेता होऊन अलेक्झांडरला मारण्याची योजना आखली. योजना पार पडण्यापूर्वी दोनच दिवस तो पकडला गेला. तेव्हा सोफिया पेरोव्स्काया या पीटर्सबर्गच्या माजी गव्हर्नराच्या मुलीने उरलेले काम हाती घेतले.

१३ मार्च १८८१, रविवार. त्या सकाळी झाराने एका कागदाला मंजुरी दिली. मंत्री लोरिस-मेलिकोव्ह याची ती योजना होती. लोकांनी निवडलेल्या काही माणसांना कायदे करताना सल्ल्यासाठी बोलवावे, एवढीच. मग तो पलटणीची पाहणी करायला गेला. परतताना कालव्याकाठी पहिला बॉम्ब पडला. गाडी मोडली, झाराला काही झाले नाही. पण रस्त्यावर कोसॅक शिपाई आणि एक लहान मुलगा रक्तात पडले होते. गाडीवानाने विनवले तरी झार निघून गेला नाही. खाली उतरून जखमींकडे आला. दुसरा बॉम्ब त्याच्या पायाशी पडला. तासाभरात सारे संपले. सकाळचा तो कागद नव्या झाराने बासनात बांधला.

झेल्याबोव्हने तुरुंगातून अर्ज लिहिला की, या खटल्यात मलाही उभे करा. पाच जणांना फाशी झाली. टॉलस्टॉयने नव्या झाराला त्यांना क्षमा करण्याविषयी पत्र लिहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

वर्गात ही गोष्ट इथवर आली की पोरे दोन तट पाडतात. काही म्हणतात, कृतघ्न माणसे. काही म्हणतात, असेच व्हायला हवे होते. मला दोन्ही तट मान्य नाहीत. खून तो खूनच, आणि त्या खुनाने शेतकऱ्याचा एक हप्ताही माफ झाला नाही. उलट पुढची राजवट अधिक कडक झाली. पण ‘कृतघ्न’ हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. हा शब्द फार करून देणारे वापरतात. ज्याचे होते त्याला ते परत देताना उपकाराची पावती मागितली, की घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता कुठून उगवणार? झेल्याबोव्हला लिहावाचायला मिळाले आणि त्याने तो हिशेब स्वतः करून पाहिला. माझ्या वर्गातल्या त्या मुलीनेही तेच केले. उद्या ती मोठी होऊन मुकादमाला हिशेब विचारील, तेव्हा तिच्या हाती बॉम्ब नसावा असे मला मनापासून वाटते. म्हणूनच आज तिचा प्रश्न पुरा ऐकून घेणे भाग आहे. शिकवायचे आणि शिकलेला बोलू लागला की त्याचे तोंड बंद करायचे, हा धोका राजापुरता नाही. तो प्रत्येक बापाला आणि प्रत्येक मास्तराला आहे.

आज हेलसिंकीच्या चौकात अलेक्झांडरचा पुतळा १८९४ पासून उभा आहे, कारण १८६३ साली त्याने फिनलंडची सभा पुन्हा भरवली. सोफियालाही त्याचा पुतळा आहे, कारण १८७७-७८ च्या युद्धात त्याच्या सैन्याने बल्गेरिया तुर्कांपासून सोडवला. वॉर्सात किंवा कीव्हमध्ये हे नाव काढले तर निराळे ऐकायला मिळेल. एकाच माणसाच्या हातून इतके देणे आणि इतके हिरावणे घडले, यात मला नवल वाटत नाही. मला दुःख होते ते त्याने दार उघडून स्वतःच उंबरठ्यात उभे राहावे याचे.

जिथे त्याचे रक्त सांडले तिथे, कालव्याकाठी, त्याच्या मुलाने एक देऊळ बांधायला घेतले. १८८३ साली सुरू झालेले ते रंगीबेरंगी घुमटांचे देऊळ १९०७ साली पुरे झाले. शेतकऱ्यांचे हप्तेही थांबले ते १९०७ च्या जानेवारीपासून. ते कुणा झाराच्या मनात दया आली म्हणून थांबले नाहीत. १९०५ साली खेडोपाडी वाडे जळू लागले, कारखाने बंद पडले, आणि नोव्हेंबरात दुसऱ्या अलेक्झांडरच्या नातवाला ते माफ केल्याचे जाहीर करावे लागले. पहिला हप्ता भरणाऱ्यांतले किती जण तोवर जिवंत असतील?